शेवटचा नट

आमच्या मोरीतला पितळी नळ सव्वीस वर्षं ठिबकत होता. खाली अम्मीनं ठेवलेलं जर्मनचं पातेलं असायचं. ते रिकामं असलं की टण्ण वाजायचं, अर्धं भरलं की टुपुक, आणि काठोकाठ आलं की आवाज बंद. पाहुणे विचारायचे, मिस्त्रीच्या घरातला नळ आणि गळतोय? आम्ही हसायचो आणि चहाचं विचारायचो. वायसर खराब नव्हता, तो तर दरवर्षी मीच बदलत होतो. घर पाडून नवं बांधलं तेव्हाही अब्बांनी तोच जुना नळ नव्या मोरीत लावून घेतला आणि तो तिथंही गळू लागला. नळ गळायचा, कारण अब्बा तो पुरता बंद करत नसत. का करत नसत, ते घरात माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. खुद्द अब्बांनाही खरं कारण ठाऊक नव्हतं, आणि ते मी त्यांना सांगत नव्हतो.

आमचं जुनं घर साताऱ्याच्या बाहेरच्या अंगाला होतं. मागं दोन खोल्या, पुढं पत्र्याची शेड, आणि दोन्हींच्या मध्ये एक दार, जे कधीच लागलेलं नसायचं. त्यामुळं गॅरेजचा वास घरात आणि घरचा गॅरेजात. पिठाच्या डब्यावर ग्रीसची बोटं उमटलेली असायची आणि जॅकच्या दांड्याला फोडणीचा वास यायचा. घरात आम्ही दखनी बोलायचो, शेडमध्ये मराठी. अब्बा रागावले की मात्र घरातही मराठीत रागवायचे, आणि अम्मी म्हणायची, "आता हे गिऱ्हाईकासारखं बोलायला लागले." सकाळी तिचा तवा आणि अब्बांची हातोडी एकदमच सुरू व्हायची. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्याच घरी भाकरी अशी तालावर होते.

अब्बा ब्रेकचे मिस्त्री. इंजिन, रंग, बॅटरी असल्या कामाला ते दुसऱ्याचं नाव सांगायचे. पण ब्रेक आणि चाकाची बेरिंग म्हटलं की कराड ओलांडून लोक आमच्याकडं यायचे. त्यांच्या कामाचे काही नेम होते आणि ते नमाजासारखे चुकत नसत. काढलेलं जुनं सामान, अगदी वाकलेल्या पिनेसकट, कागदात बांधून मालकाच्या हातात द्यायचं. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना पायडल दाबायला अम्मीनंच बसायचं. अब्बा गाडीखालून ओरडायचे, "दाब... धर... सोड," आणि अम्मी चपला काढून, पदर खोचून, परीक्षेला बसल्यासारखी समोर बघत दाबायची. तिला गाडी चालवता येत नव्हती, पण साताऱ्यातल्या कितीतरी गाड्यांचे ब्रेक तिच्या पायानं भरले होते. "कायकू इत्ता चिल्लाते? मेरे कू सुनने आता," असं ती गाडीतून म्हणायची आणि खालून अब्बांचा हसण्याचा आवाज यायचा.

तिसरा नेम ट्रायलचा. ब्रेकचं काम झालं की त्या गाडीत पहिल्यांदा आम्ही बसायचो. अब्बा चालवायला, शेजारी अम्मी, मागं मी आणि धाकटी शमा. यवतेश्वराचा चढ चढून जायचं आणि तो उतार उतरून परत यायचं. "आपली माणसं बसवायची हिंमत नसंल, तर दुसऱ्याची कशाला बसवायची?" असं अब्बा म्हणायचे. आमचं फिरणं म्हणजे हेच. अम्मी चपातीत खिमा गुंडाळून घ्यायची, थर्मासमध्ये चहा घ्यायची. वर पोचल्यावर आम्ही लोकांच्या गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून खायचो आणि खाली पसरलेला सातारा बघायचो. उतरताना अम्मी डोळे मिटायची. भीतीनं नव्हे. ती म्हणायची, डोळे मिटले की चाकं नीट ऐकू येतात.

आणि चौथा नेम शेवटच्या नटाचा. चाकाच्या मधोमध जो मोठा नट असतो, त्याच्यावर बेरिंगचा सगळा जीव. तो फार आवळला तर बेरिंग तापून जळतं, सैल राहिला तर चाक हलतं. काम कुणीही केलेलं असो, हा नट अब्बाच आवळायचे. एका हातानं चाक फिरवत ठेवायचं, दुसऱ्या हातानं पाना ओढायचा, पुरता घट्ट करायचा आणि मग किंचित मागं सोडायचा. किती मागं, ते विचारलं की म्हणायचे, "ते बोटांना कळतं. तुझ्या बोटांना अजून कळत न्हाई." मला ते लागायचं. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि माझ्या बोटांना सगळं कळतं असा माझा समज होता.

पाटणच्या बाजूचे एक सुभेदार फौजेतून निवृत्त होऊन शेती बघत होते. त्यांच्याकडं सासऱ्यांनी दिलेली एक पांढरी, गोल डोक्याची जुनी गाडी होती. ती घेऊन ते नवरा-बायको वर्षातून दोनदा आमच्याकडं यायचे. काकू येताना फडक्यात बांधून बाजरीच्या भाकरी आणायच्या. अब्बा म्हणायचे, "एवढी पातळ भाकरी थापणारा हात म्हंजे कारागिराचा हात." त्यावर काकू खूश होऊन अम्मीला आणखी दोन द्यायच्या.

त्या दिवशी सुभेदार उतरले आणि म्हणाले, "काय मिस्त्री, म्हातारी आता वळणावर लय कण्हती बघा."

"कुणाला म्हणताय?" काकू गाडीतूनच म्हणाल्या.

"गाडीला गं."

"मग असू दे. मला वाटलं माझं नाव घेताय."

अब्बांनी पुढची चाकं उचलून हातानं फिरवून बघितली. दोन्हीकडची बेरिंग गेली होती आणि ब्रेकचे लायनरही पत्र्याला टेकायला आले होते. सुभेदारांची लेक तासगावात दिलेली, तिचे दिवस भरत आले होते. बाळंतपणाला जाण्याआधी गाडी नीट हवी होती. "चार दिसांनी न्यायला येतो," म्हणून ते एस.टी.नं परत गेले.

तिसऱ्या दिवशी काम संपवायचं होतं. उजवं चाक अब्बांनी घेतलं, डावं मला दिलं. दुपारी चार वाजता आमची मॅच होती, टेनिस बॉलची, हरलो असतो तरी कुणाचं काही बिघडलं नसतं अशी. मी लायनर बसवले, हब, म्हणजे चाकाचा मधला पोकळ भाग, साफ केला आणि बेरिंगकडं वळलो. इथं एवढं सांगायला हवं की बेरिंगचे दोन भाग असतात. एक रोलरांचं कडं, आणि दुसरी हबमध्ये ठोकून बसवलेली पोलादी वाटी, जिच्या आतल्या अंगावरून ते रोलर फिरतात. कडं नवं घातलं की वाटीही नवीच घालायची. जुन्या वाटीला डोळ्यांना नीट दिसणार नाहीत असे खड्डे पडलेले असतात. नवे रोलर त्यांच्यावरून फिरत राहिले की झिजतात, तापतात. हे मला पाढे यायच्या आधीपासून माहीत होतं.

प्रत्येक चाकात अशी दोन बेरिंग असतात. बाहेरची लहान वाटी निघाली. आतली मोठी निघेना. मी छिन्नी लावून चहूबाजूंनी ठोकली, पण ती हबला धरून बसली होती. छिन्नी सटकली, अंगठा फुटला. सव्वातीन झाले होते. अब्बा ब्रेक ऑइल आणायला पेठेत गेले होते, दहा मिनिटांत येणार होते. ते आले असते तर त्यांनी दोन ठोक्यांत ती वाटी काढली असती आणि म्हणाले असते, "बोटांना कळत न्हाई अजून." तेवढं एक वाक्य मला ऐकायचं नव्हतं.

मी जुनी वाटी आत तशीच ठेवली. तिच्यावर नवं कडं बसवलं. आणि ग्रीस भरलं, नेहमीपेक्षा जास्त, दाबून, कारण ग्रीस जाड असलं की खरखर हाताला लागत नाही. मग ती नवी वाटी राहिली. जुनं सामान मालकाला जायचं, अब्बा त्यात चार वाट्या मोजणार. मी नव्या वाटीला काळं जळकं ग्रीस फासलं, मातीत एकदा लोळवली आणि तीन जुन्या वाट्यांबरोबर कागदात बांधली. हे मी आजवर नुसतं चूक म्हणून मनाशी बोलत आलो. चूक असती तर मी वाटी काळी केली नसती.

अब्बा आले. त्यांनी आधी आपल्या चाकाचा नट आवळला, मग माझ्या चाकाचा. चाक फिरवलं, पाना ओढला, मागं सोडला. पुन्हा चाक फिरवलं आणि थांबले.

"जरा जड वाटतंय रं."

"नवीन हाय, अब्बा," मी म्हणालो. "बसंल."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. अंगठ्याला बांधलेली चिंधी बघितली. मला वाटतं, पोरानं रक्त काढून काम केलं असं त्यांना वाटलं असावं. पिन घालून त्यांनी झाकण ठोकलं. मी मॅचला गेलो. संध्याकाळी परत आलो तेव्हा शमा सांगत होती की यवतेश्वरावर आज लय वारं होतं, आणि तू नव्हतास म्हणून तुझा खिमा मी खाल्ला. ते तिघं त्या गाडीत बसून उतार उतरून आले होते. मी अम्मीला विचारलं, "चाकं कशी वाजत होती?" ती म्हणाली, "वाऱ्यात काही ऐकूच आलं नाही." मी जेवलो आणि झोपलो. झोपही लागली, हे लिहायला हवं.

गाडी तीन आठवडे चालली. लेकीला मुलगा झाला म्हणून सुभेदार आणि काकू तासगावला निघाले, आणि कराडच्या पुढं गाडीचं डावं चाक अडकलं, तिरकं झालं, आणि गाडी डावीकडं ओढली जाऊन बाभळीला घासली. काकूंचा हात खिडकीवर होता. कोपरापाशी तो चिरडला.

काकूंना सांगलीला नेल्याचा निरोप आला तसे अब्बा मला घेऊन निघाले. वाटेत ज्या मिस्त्रीनं गाडी ओढून आणली होती त्याच्याकडं ते आधी थांबले. बेरिंग जळून निळंकाळं झालेलं, रोलर वितळून वाटीला चिकटलेले. वाटी जुनी की नवी हे आता देवालाच कळलं असतं. त्या मिस्त्रीला अब्बा कोण ते ठाऊक नव्हतं. तो सहज म्हणाला, "कुणी अडाण्यानं नट आवळलाय बघा. श्वास घ्यायला जागाच ठेवली न्हाई."

अब्बा नुसता उजवा हात डाव्या हातात धरून उभे राहिले. सांगलीपर्यंत एस.टी.त त्यांनी तो तसाच धरला होता.

दवाखान्यात काकू खाटेवर होत्या, हात प्लास्टरमध्ये. डॉक्टरांनी हात वाचवला होता, पण कोपर पुन्हा वळणार नव्हतं. अब्बा खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, माझ्या हातनं नट जास्त आवळला गेला. बाकी काय सांगू?"

"अवं मिस्त्री, तुमी मुद्दाम केलं व्हय?" काकू म्हणाल्या. "भाकरी थापायला आता सून येईल. मी नावं ठेवायला मोकळी." आणि हसल्या, पण हसणं अर्ध्यात राहिलं आणि त्यांनी तोंड भिंतीकडं केलं.

सुभेदार अब्बांना बाहेर घेऊन आले. व्हरांड्यात बाकावर बसवलं. अब्बांनी एकदम माझ्याकडं वळून विचारलं, "युनूस, तू हुतास की जवळ. मी नट मागं सोडला हुता ना? का इसरलो? सांग गड्या. बघितलं असशील तू."

गड्या म्हणून त्यांनी मला त्याआधी कधी हाक मारली नव्हती. माझ्या हातात केळ्यांची पिशवी होती. त्यांनी नट मागं सोडला होता, नेहमीइतकाच, केसाचाही फरक नव्हता. मी बघितलं होतं.

"आठवत न्हाई, अब्बा," मी म्हणालो.

वाटी ठेवून देणारं पोरगं मी कधीतरी समजून घेऊ शकतो. केळ्यांची पिशवी धरून उभं असलेलं ते पोरगं मला अजून समजत नाही.

त्यानंतर अब्बांनी शेवटचा नट कधी आवळला नाही. दुसऱ्याच आठवड्यात एका गाडीचं काम संपलं, तेव्हा त्यांनी पाना माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हितनं पुढं तुझ्या हातचा." ते लायनर घासायचे, ड्रम साफ करायचे, पण नटाची वेळ आली की हात पुसत उठायचे. हळूहळू माझंच नाव झालं. युनूस मिस्त्रीनं केलेला ब्रेक, असं लोक म्हणू लागले. खरं सांगायचं तर मी चांगला मिस्त्री झालो. त्या दिवसानंतर मी एकही वाटी आत ठेवलेली नाही. पण त्यानं काही फिटत नाही.

घरात मात्र विचित्र गोष्टी सुरू झाल्या. अब्बा लोणच्याच्या बरणीचं झाकण लावायचे आणि अम्मीला म्हणायचे, "उघडून बघ, जास्त आवळलंय का?" मग ते झाकण लावेनासेच झाले, नुसतं वर ठेवायचे. लोणच्याला बुरशी आली. लुंगीची गाठ सैल, चपलेचा पट्टा सैल. आणि नळ. नमाजाआधी हातपाय धुऊन वजू करून झाली की नळ बंद होईल न होईल इतपतच फिरवायचे आणि हात काढून घ्यायचे, जसं काही ते पितळ भाजतं. रात्री अंथरुणावर पडलो की टुपुक, टुपुक ऐकू यायचं. अम्मी ज्यात गेली त्या आजारपणातही तिनं मला उठून नळ बंद करायला सांगितलं होतं. मी बंद केला. पहाटे अब्बा वजूला उठले आणि पुन्हा तो सुरू झाला.

आता चाकांची बेरिंग बंद डब्यासारखी येतात. वाटी नाही, कडं नाही, बोटांना कळायचं काही उरलं नाही. जुनी गाडी कधीतरी येते, कुणा हौशी माणसाची, तेव्हा मी शेडचं दार ओढून एकट्यानं काम करतो.

गेल्या महिन्यात माझी लेक बाळंतपणानंतर पहिल्यांदा घरी आली. चाळीस दिवसांची पोर. सगळ्यांनी घेतली, मग लेकीनं ती अब्बांच्या मांडीवर ठेवायला नेली. अब्बा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांनी दोन्ही हात पाठीमागं नेले.

"नको बाळा. माझ्या हाताला अंदाज न्हाई ऱ्हायला. जास्त आवळलं तर?"

लेक हसली. तिला वाटलं म्हाताऱ्याची गंमत. मी दारात उभा होतो. पाठीमागं नेलेल्या त्या हातांतला डावा हात उजव्याला धरून होता, एस.टी.त धरला होता तसाच.

दुसऱ्या दिवशी, दुपारची नमाज झाल्यावर ते शेडमध्ये खुर्चीवर बसले होते, तेव्हा मी समोर स्टूल ओढून बसलो आणि सांगितलं. वाटी निघाली नाही, मी आत ठेवली, ग्रीस दाबून भरलं, "बसंल" म्हणालो. आणि तुम्ही नट मागं सोडला होता, मी बघितलं होतं, आठवत होतं.

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मला वाटलं, ऐकू आलं नाही की काय. मग त्यांनी विचारलं, "नवी वाटी कुठं गेली?"

"जुन्या सामानात. काळं ग्रीस फासून."

"म्हंजे मी मोजली ती."

"व्हय."

"आनि सुभेदारांच्या हातात मीच दिली."

मी मान खाली घातली. ते हाताकडं बघत होते. उजवा हात उघडायचे, मिटायचे, पुन्हा उघडायचे. "तुझी अम्मी बसली हुती त्या गाडीत," ते म्हणाले. "शमा बसली हुती." आणि मग, फार हळू, "सव्वीस वरसं, युनूस. मला वाटलं माझा हातच गेला."

मी त्यांच्या पायांना हात लावायला वाकलो. त्यांनी पाय मागं घेतले.

"माझं राहू दे. सुभेदार गेले. बाई हाय अजून. तिला सांगितलंस?"

"न्हाई."

"मग उद्या सकाळी पाटणला जायाचं. मी येणार. बोलायचं तू, मी नुसता बसणार."

अजान झाली तसे ते उठले आणि मोरीत गेले. वजूचं पाणी पडण्याचा आवाज बराच वेळ येत होता. मग नळाचा करकरता आवाज आला, एकदा, आणि पुन्हा एकदा. त्यानंतर घरात इतकं शांत झालं की पाळण्यातली पोर चुळबुळ करून रडायला लागली.

सकाळी मी कपडे घालत होतो. बाहेर अब्बा आधीच टोपी घालून गाडीत पुढच्या सीटवर बसले होते, दार लावून, समोर बघत. तेवढ्यात मोरीतून माझ्या बायकोची हाक आली, "अहो, हा नळ कुणी आवळलाय? उघडतच नाही."

मी आत गेलो आणि नळाला हात घातला. तो हलला नाही. मग दुसरा हात लावावा लागला.